सोंगाची निवड

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा भाचा पुण्याहून मंगळवेढ्यास आला होता. वय सतरा, बारावीत, शास्त्रशाखेत आहे. पाडव्याच्या दिवशी फराळ आटोपून तो लॅपटॉप घेऊन सोप्यात बसला. दोन तासांनी आम्ही आपले वाचन संपवून बाहेर येऊन पाहतो तो पडद्यावर मघाचेच चित्र! एका रांगेत काही आकृती उभ्या आहेत: कोणाच्या हाती ढाल-तलवार, कोणाच्या हाती काठी, कोणाच्या खांद्यावर धनुष्य, आणि आमचे चिरंजीव एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत आहेत. "अरे, खेळ सुरू का करीत नाहीस?" असे विचारता तो म्हणाला, "मामा, अजून कोण व्हायचं तेच ठरत नाही. तुम्हीच सांगा, कोण होऊ?"

प्रश्न पोराने सहज विचारला. पण तो आमच्या मनातून जाईना. ज्या मासिकात काव्य, नाट्य व कादंबरी यांची चर्चा व्हावयाची तेथे मुलांच्या खेळाचे काय प्रयोजन, असे कित्येक वाचकांस वाटेल. त्यांस आमचे नम्र उत्तर असे की, नाटकाविषयी लिहावे, कीर्तनाविषयी लिहावे, आणि ज्यात प्रेक्षक स्वतःच रंगभूमीवर उतरतो त्या प्रकाराविषयी तेवढे मौन धरावे, हे टीकाकाराच्या धर्मास शोभत नाही. लक्षावधी तरुण रोज रात्री कोणते तरी पात्र होऊन परस्परांस भेटत असतील, तर ते पात्र निवडले कसे जाते, हा साहित्याचाच प्रश्न होय.

प्रथम या प्रकाराचा थोडा पूर्ववृत्तान्त सांगितला पाहिजे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा, टेबलाभोवती बसून फासे व कागद यांवर खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात खेळणाऱ्याने आरंभीच आपला 'क्लास' ठरवावयाचा असे. मूळ क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार व धर्मोपदेशक. पुढच्याच वर्षी त्यांत चोराची भर पडली. 1978 मध्ये इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने, व त्याच्यामागून रिचर्ड बार्टल याने, अनेकांनी एकाच वेळी संगणकाच्या द्वारे वावरावे असे एक शब्दमय जग रचले. या दोन प्रवाहांच्या संगमातून आजचे ऑनलाइन भूमिकाखेळ निघाले. 1999 चा 'एव्हरक्वेस्ट' व 2004 चा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हे त्यांतील विशेष गाजलेले. दुसऱ्यात आरंभीच नऊ क्लास होते.

'क्लास' या शब्दास मराठी प्रतिशब्द कोणता योजावा? 'वर्ग' म्हटले की शाळा आठवते. 'वर्ण' म्हटले की मनुस्मृती पुढे उभी राहते. 'पेशा' म्हणावे तर त्यात पोट भरण्याचा अर्थ येतो. आम्हांस वाटते, आपल्या भाषेत याला जवळचा शब्द आहे तो 'सोंग'. 'सोंग आणणे' यात थोडी लबाडी आहे खरी. पण देवळातील लळितात सोंगे येत ती लबाडीची नव्हेत. भालदार-चोपदार येत, वासुदेव येई, गोंधळी येई, आंधळा व बहिराही येई. प्रत्येकाने आपल्या तोंडाने आपली ओळख सांगावी आणि लोकांनी ती मान्य करावी, हा संकेत. संगणकावरील खेळातही संकेत तोच आहे.

या खेळातील वर्गनिवडीचे मर्म आमच्या भाच्याने आम्हांस तासाभरात समजावून दिले, आणि ते आम्हांस मनापासून आवडले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मर्म असे की, कोणत्याही वर्गाची खरी ओळख त्याला काय करता येते यात नसून त्याला काय करता येत नाही यात आहे. जादूगार दुरून आग ओकतो, पण अंगात चिलखत नसल्यामुळे शत्रू जवळ आला की कोलमडतो. ढालवाला योद्धा मार सोसतो, पण आपली जखम त्याला भरता येत नाही. जखमा भरणारा पुरोहित एकटा सापडला तर त्याच्याने फारसे काही होत नाही. म्हणून तिघांस तिघांची गरज लागते. 'एव्हरक्वेस्ट'मध्ये तर बहुतेक वर्गांस एकट्याने फार दूर जाताच येत नसे; अनोळखी माणसांच्या टोळीत शिरून, त्यांचा विश्वास संपादन करून मगच पुढची वाट खुली होई. म्हणजे येथे वर्ग निवडणे हे अलंकार निवडणे नव्हे, तर आपली उणीव निवडणे होय. आणि ती उणीव दुसऱ्याने भरून काढावी यासाठी समाजात शिरणे होय. ज्याने ही योजना केली त्याला माणसांच्या संघाचे काही तरी कळत होते खास.

हा गुण मान्य करून आता दोष पाहू. आमच्या वाङ्मयात सोंगांचा सर्वांत मोठा संसार कोणी मांडला असेल तर तो एकनाथांनी. पैठणचा हा सोळाव्या शतकातील ब्राह्मण भारुडांत जोशी होतो, गोंधळी होतो, भुत्या होतो, महार होतो. आंधळा, पांगळा, मुका व बहिराही होतो. तेथे प्रत्येक सोंगाबरोबर भाषा बदलते. जोशाची भाषा पंचांगाची, गोंधळ्याची संबळाच्या ठेक्याची; त्या त्या धंद्याची हत्यारे, त्याचे मागणे, त्याची अदब, सारे त्या बोलण्यात उतरते, आणि त्या धंद्याच्या आतूनच परमार्थ बाहेर येतो. संगणकाच्या खेळातील पुरोहित आणि मारेकरी यांची बोली मात्र एकच. दोघांचा उद्योगही शेवटी एकच, समोरचा राक्षस मारणे. फरक एवढाच की एक मंत्राने मारतो, दुसरा सुरीने. ज्या पुरोहिताला प्रार्थना करण्याचा प्रसंग नाही व ज्या शिकाऱ्याला भूक नाही, त्यांस पात्र म्हणण्यापेक्षा हत्यारांच्या पेट्या म्हणणे अधिक यथार्थ होईल.

या दोषास एक सन्मान्य अपवाद आहे. 1985 साली रिचर्ड गॅरियट याने 'अल्टिमा' मालिकेतील चौथा खेळ प्रसिद्ध केला. त्यात आकृत्यांची रांग समोर येत नाही. एक ज्योतिषीण भेटते व प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुणांचा कलह असतो. सत्य सांगावे की दया करावी? न्याय पाहावा की शब्द पाळावा? तुम्ही कोणता सद्गुण वर ठेवता त्यावरून तुमचा वर्ग ठरतो. शौर्य पसंत करणारा योद्धा होतो, करुणा पसंत करणारा गायक. आणि ज्याला नम्रता सर्वांहून थोर वाटली तो होतो मेंढपाळ, सर्व आठ वर्गांत दुबळा. नम्रता निवडणाऱ्याला तिचे बक्षीस म्हणून दुर्बलता मिळावी, यात गॅरियटची जी सूक्ष्म दृष्टी दिसते ती पुढील वीस वर्षांच्या भपकेबाज खेळांत आम्हांस दिसली नाही. शिवाय या खेळाचा शेवट कोणा दुष्टाच्या वधाने होत नाही. आठही सद्गुण अंगी आणून खेळणाऱ्याने 'अवतार' व्हावयाचे, हेच त्याचे साध्य.

'अवतार'! आमचाच शब्द सातासमुद्रांपलीकडे जाऊन आला. आज पडद्यावरील कोणत्याही आकृतीस अवतार म्हणतात, आणि आमच्या भाच्याने तिला निवडलेले कपडे पाहून त्याची आई "काय हा अवतार!" म्हणाली, तेव्हा शब्दाचे एक वर्तुळ पुरे झाले. परंतु येथेच मूळ अर्थाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. अवतार म्हणजे उतरणे. वरच्याने खाली येणे, मोठ्याने लहान होणे, हा त्या शब्दाचा प्राण. संगणकावरील अवतार मात्र जन्मभर चढतच असतो: पहिली पातळी, दहावी पातळी, साठावी पातळी, आज चामड्याचे चिलखत, उद्या सोन्याचे. उतरणे त्याला ठाऊकच नाही.

उतरण्याची गोष्ट आम्हां मंगळवेढेकरांस कोणी सांगावयास नको. बहमनी अमदानीत येथे दामाजीपंत नावाचे अधिकारी होते. दुष्काळ पडला, माणसे अन्नान्न करून मरू लागली, आणि दामाजींनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे लुटवली. बादशहाने त्यांस पकडून नेण्यास माणसे पाठविली. तेव्हा पंढरीचा विठोबा विठू महार होऊन बेदरास गेला आणि धान्याचा पैसा चुकता करून पावती घेऊन आला, अशी कथा महिपतीने 1762 च्या 'भक्तविजया'त सांगितली आहे. आता खेळणाऱ्याच्या दृष्टीने पाहा. विठोबापुढे सर्व आकृतींची रांग उभी आहे. त्याला सरदार होता आले असते, सावकार होता आले असते. दरबारात पैसा भरावयास सावकाराचेच सोंग सोयीचे. त्याने निवडला तो गावकुसाबाहेरचा निरोप्या. निवडीतील थोरवी ती हीच.

परंतु कथा येथेच संपवून डोळे पुसणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कारण ज्या मंगळवेढ्यात विठू महाराची कथा घडली म्हणतात, त्याच मंगळवेढ्यात चोखामेळा राहत होता. तो महार झाला नव्हता, जन्मला होता. त्याने मेलेली ढोरे ओढली, देवळाबाहेरून देव पाहिला, आणि 1338 च्या सुमारास येथील गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून तिच्याखाली इतर मजुरांबरोबर मेला. नामदेवांनी त्याच्या अस्थी पंढरपुरास नेल्या. समाधी झाली ती महाद्वाराबाहेर. ज्या देवाने त्याच्या जातीचे सोंग घेतले म्हणून आपण त्याचे गुण गातो, त्या देवाच्या देवळाचे दार त्याच्या जातभाईंस उघडले ते 1947 साली, तेही साने गुरुजींनी प्राण पणास लावून उपोषण केल्यावर. विठोबाने सोंग घेतले, पावती आणली आणि सोंग उतरवून ठेवले. चोख्याला ते उतरवून ठेवण्याची सोय नव्हती.

हा भेद वाङ्मयातही स्पष्ट दिसतो. 'जोहार' हा एक रचनाप्रकार. महाराने वरिष्ठांस करावयाच्या वंदनाच्या शब्दाने त्याचा आरंभ होतो. एकनाथांनी जोहार लिहिले आहेत, चोखोबांच्या नावावरही जोहार आहेत. ठसा एक, वंदन एक. पण एकनाथांचा जोहार वाचताना एका थोर मनाने केलेला प्रवास दिसतो. चोखोबांचा वाचताना प्रवास नाहीच, तेथे घर आहे. पहिल्यात आपण कवीचे कौतुक करतो, दुसऱ्यात आपली मान खाली जाते. एकनाथांचे मोल यामुळे कमी होते असे नव्हे; आपल्या काळात त्यांनी ते सोंग घेतले हे धैर्यच. पण स्वेच्छेने पत्करलेली उणीव ही भूमिका होय, आणि न विचारता माथी मारलेली उणीव ही शिक्षा होय, एवढा विवेक टीकाकाराने सोडता कामा नये.

पाश्चात्य खेळही या विवेकात प्रथम चुकलाच होता. 1974 च्या त्या मूळ नियमांत वर्गाखेरीज 'वंश' निवडावयाचा असे. आणि नियम असा की खुजा माणूस फक्त लढवय्याच होऊ शकेल व तोही सहाव्या पातळीच्या वर जाणार नाही. जादू त्याच्या वंशाला वर्ज्य! अमुक कुळात जन्मला म्हणून अमुक विद्या नाही, हा न्याय आमच्या वाचकांस नवा वाटणार नाही. पुढे हे निर्बंध हळूहळू सैल झाले. 2020 मध्ये वंशास चिकटलेले गुण हवे तसे बदलण्याची मुभा त्या खेळाने दिली, आणि 2024 च्या नव्या ग्रंथात 'वंश' हा शब्दच टाकून दिला. कोणी या बदलास फाजील हळवेपणा म्हणतात. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. खेळातसुद्धा जन्माने माणसाची उंची ठरू नये, हे योग्यच झाले.

मात्र जन्माचे ओझे काढून टाकले म्हणजे निवडीचेही ओझे नाहीसे व्हावे, असे मुळीच नाही. आमच्याच गावची कान्होपात्रा पाहा. गणिकेच्या पोटी जन्मली. आईचा पेशा तिच्यासाठी ठरलेला होता. तिने तो नाकारून भक्ती पत्करली. बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने विठोबाच्या पायांशी देह ठेवला, असे परंपरा सांगते. जन्माचे सोंग झुगारून दुसरे निवडणे याची ती किंमत. आणि 1931 साली 'संत कान्होपात्रा' नाटकात तिची भूमिका त्रेचाळीस वर्षांच्या बालगंधर्वांनी केली तेव्हा, पुरुषाने स्त्री होण्याचा तो चमत्कार एका रात्रीत घडलेला नव्हता. चालणे, पदर सावरणे, स्वर लावणे यांची पाव शतकाची तपश्चर्या त्यामागे होती. एकीने निवडीची किंमत प्राणाने दिली, दुसऱ्याने साधनेने. खेळातील निवडीला बटण दाबण्याचे श्रम पडतात, आणि कंटाळा आला तर दुसरी आकृती तयार असते.

आपल्याकडे म्हण आहे की सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. खेळाच्या व्यापाऱ्यांनी ही म्हण उलटी केली आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये 2009 पासून पैसे भरून आपल्या पात्राचा वंश बदलता येतो, आणि 2014 पासून पैसे भरून एका उडीत वरच्या पातळीस पोचता येते. म्हणजे जन्म विकत मिळतो व तपश्चर्याही विकत मिळते! एक गोष्ट मात्र दुकानात ठेवलेली नाही: पात्राचा वर्ग. तो बदलावयाचा तर नवे पात्र घेऊनच यावे लागते. व्यापाऱ्यालाही कोठे तरी उमगले असावे की, जे निवडले तेही बदलून दिले तर पात्र म्हणून काही उरतच नाही.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. हा लेख मनात घोळत असता आमच्या ध्यानात आले की, 'कोण होऊ?' हा प्रश्न आमच्या भाच्याला त्या खेळाने विचारला. आम्ही कोणी विचारला नव्हता. दोन वर्षांपूर्वी दहावीचा निकाल लागला तेव्हा घरात बैठक बसली होती. वडील होते, काका होते, मामा म्हणून आम्हीही होतो. मुलाला चित्रकलेची व इतिहासाची आवड आहे हे सर्वांस ठाऊक होते. शास्त्रशाखा ठरावयास दहा मिनिटेही लागली नाहीत, आणि आमचे मत शास्त्राच्या बाजूने पडले. इंग्रजी वाङ्मय शिकवून ज्याने जन्म काढला त्याने ते मत दिले, कारण 'पुढे पोटाचे काय' हा प्रश्न आम्हांस त्या वेळी बिनतोड वाटला. मुलगा काही बोलला नाही. जो मुलगा एका काल्पनिक पात्रासाठी दोन तास विचार करतो, तो स्वतःसाठी दहा मिनिटेही बोलला नाही; कारण त्याला कोणी ती दिलीच नाहीत. मुले या खेळांत वेळ दवडतात अशी जी ओरड आपल्या घरांतून ऐकू येते, तिच्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. पण जेथे आपले मत विचारले जाते तेथे माणूस रेंगाळतो, हा मनुष्यस्वभाव आहे. दोष देताना आपला वाटा आपण उचलला पाहिजे.

सारांश, आमचे मत असे. या खेळांनी तरुणांस निवडीचा हक्क दिला व उणिवेतून परस्परांची गरज शिकविली, हे त्यांचे श्रेय निःसंशय आहे. त्यांच्या पात्रांस स्वतःची भाषा नाही, त्यांना फक्त चढणे ठाऊक आहे व उतरणे ठाऊक नाही, आणि त्यांच्या निवडीस फार थोडी किंमत पडते, हे त्यांचे उणेपण. हे उणेपण भरून काढण्याची सामग्री आमच्या भारुडांत, लळितांत व संतकथांत विपुल आहे. मात्र ती वापरणाऱ्याने विठू महाराबरोबर चोखोबासही ध्यानात ठेवावे. मराठीत असा खेळ रचणारा कोणी निघाला आणि त्याने खेळणाऱ्यास एकदा तरी दुबळ्याचे सोंग घेऊन, त्याच्या बोलीत, त्याच्या बाजूने बोलावयास लावले, तर त्याचे परीक्षण आम्ही मोठ्या आनंदाने करू.

भाच्याने शेवटी काय निवडले हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटत असेल. आम्ही त्याला जादूगार सुचविला होता, कारण त्याचा झगा आम्हांस भारदस्त दिसला. त्याने जखमा भरणारा पुरोहित घेतला. का म्हणून विचारले तर म्हणाला, "मामा, आमच्या टोळीत सगळे मारणारेच आहेत. बरं करणारा कुणीच नाही." सुटी संपवून तो पुण्यास परत गेला. येत्या उन्हाळ्यात बारावीचा निकाल लागेल तेव्हा पुन्हा बैठक बसेल. त्या बैठकीत पहिला शब्द त्याचा असावा, एवढे आम्ही त्याच्या आईस आताच पत्राने कळविले आहे.